पासवर्डची खूण

मे महिना. गोळीबार चौकात डांबर चपलेला धरून ठेवायचं,
आणि आमच्या पुढच्या खोलीत, कूलरच्या थेट वाऱ्यात,
कॉम्प्युटर.
सीताबर्डीवरून आणलेला, सेकंडहँड, आठ हजारांत.
आधीच्या मालकाचं नाव अजून तसंच: 'देवांगण ट्रेडर्स'.
तीन महिने आम्ही सगळेच देवांगण ट्रेडर्स होतो.

बाबांचा पेन्शनचा फॉर्म हर्षलच्या क्रिकेटखाली दबून गेला.
आई फक्त रात्री त्याच्यावर कपडा टाकायची,
जुन्या साडीचा, चारही टोकं नीट खेचून.
आणि माझी 'नोट्स-२' नावाची फाइल,
जिच्यात नोट्स नव्हत्या,
ती हर्षलनं जेवताना वाचून दाखवली, आवाज काढून.
वरणात बुडालेला माझा हात
मी किती वेळ तसाच ठेवला होता.

म्हणून त्या दुपारी बसले. वापरणारे. नवीन जोडा.
बाबा म्हणाले, "घरातल्या घरात कायले पायजे कुलुपं?
एकाच गंजातलं जेवता ना तुम्ही?"
हिंगण्याच्या वर्कशॉपात त्यांच्या लॉकरला
दोन कुलुपं होती, एक पितळी. मी बोलले नाही.
त्यांचं खातं केलं: पराते एम. डी.
चित्र फुटबॉलचं, कारण बसचं नव्हतं.
हर्षलनं स्वतःचं नाव 'बॉस' ठेवलं.
आणि मी माझ्याकडे घेतलं ते, सगळ्यांच्या वरचं,
ज्याला कुणाचंही दार उघडता येतं.

झालं, म्हटलं. तर दाराशी आई,
पिठाचे हात पदराला पुसत:
"माह्यं नाही करत का?"

'सुलो' एवढं टाइप झालं तेव्हा तिनं थांबवलं.
"ते नाही. बेबीनंदा लिही."
कोण बेबीनंदा?
कूलरमधलं पाणी संपलं होतं, मोटर कोरडीच फिरत होती.
"मी ना वं. तांदळात अंगठीनं सुलोचना लिहिलं तुह्या बापानं.
त्याच्या आधी बावीस वर्षं, उमरेडले, मी बेबीनंदाच होती."

चित्र तिनं बदकाचं निवडलं, पिवळ्या, लगेच.
मग म्हणाली, "आता तिकडं पाह्य."
मी सहकारी बँकेच्या कॅलेंडरकडे पाहिलं.
मागे एका बोटाचा आवाज,
अक्षर शोधत, सापडत, पुन्हा हरवत.
अकरा मोजले मी.
मग बारावं, बऱ्याच वेळानं.

तेव्हापासून रोज दुपारी, भांडी झाल्यावर, तो आवाज.
कुणी खोलीत आलं की थांबायचा,
आणि बदक पुन्हा चार नावांत जाऊन बसायचं.
मला वरून फोल्डरचं वजन दिसायचं:
चौदा केबी. दिवाळीत सत्तर.
उघडायचं म्हटलं तर एका क्लिकचं काम.
दोनदा बाण तिथं नेऊन ठेवला.
दोनदा वरणातला हात आठवला.

हर्षलला नाही आठवला. आई उमरेडला, भावाकडे गेलेली.
त्यानं आधी स्वतःची जन्मतारीख टाकली,
खात्रीनं, एंटर जोरात दाबून.
मग माझी. मग लग्नाची, जी बाबांना विचारावी लागली
आणि बाबांना पत्रिका शोधावी लागली.
शेवटी खुर्ची ओढून तेही आले, हळूच म्हणाले,
"मारोती टाकून पाह्य."
चूक.
मग निळ्या पडद्यावर छोटा पिवळा चौकोन उघडला, पासवर्डची खूण,
इंग्रजी अक्षरांत, आईच्या मराठीत:
तुमच्यातल्या कोणालेच माईत नाही.

बाबा बराच वेळ वाचत राहिले.
एवढी अक्षरं नव्हती त्यात.
मग उठले, साडीचा कपडा घेतला
आणि कॉम्प्युटरवर टाकला, चारही टोकं खेचून.
चालूच होता तो.