दहा सेकंद

डंडीत साडेतीनलाच अंधारतं.
कॅलमने पेनड्राइव्ह खोचला, म्हणाला,
"जुनं पुसूनच टाकू? सोपं पडेल."
नको रे. यदुनाथचे हिशेब आहेत त्यात,
टे नदीच्या भरती-ओहोटीची कोष्टकं,
आणि एक फाइल, नुसती 'नंतर' नावाची.

बॅकअपला तीन चहा गेले.
कौलांवर सीगल कोकलत होते.

मग पट्टी सरकवत बसलो:
त्याला एवढं, मला एवढं.
पलंगावरही तो
अशीच हद्द आखायचा, कोपराने.

आता मशीन सुरू केलं की
काळ्या पडद्यावर दोन ओळी.
दहा सेकंदांत बोट नाही लावलं
तर त्याचंच उघडतं.

कधीकधी मी
हात मांडीवर ठेवून बसते.