चार पॉइंट कमी

डिसेंबर संपायला अठरा दिवस
आणि फायलीत चार पॉइंट कमी.
वैजयंती मोंडकर, अधिपरिचारिका,
नूतनीकरणाचा अर्ज अर्धा भरलेला,
पुढच्या रकान्यात नुसतंच गोल फिरणारं चक्र.

निळ्या फोल्डरात पाच वर्षं दाबून ठेवलीत.
ओरोसला दोन दिवस, नवजाताचा पहिला श्वास.
कणकवलीला हात धुण्याच्या पायऱ्या,
त्या दिवशी हॉलच्या नळाला पाणी नव्हतं.
एका प्रमाणपत्रावर माझं नाव विजयंता.
तेही चालतं म्हणे,
प्रतिज्ञापत्र जोडलं तर.

उरलेले चार ऑनलाइन मिळतील.
विषय: सर्पदंश.
उपकेंद्रात रेंजची एकच काडी,
तीही टेबलावर चढून हात उंच केला तर.
चांगली रेंज बंदरावर, बर्फाच्या कारखान्यात.
तिथे काट्यावर बसतो गुंडू कोयंडे.

"बाईनू, बसा," म्हणतो,
आणि स्टुलावरचं पाणी बाहीनं पुसतो.
त्याच्या उजव्या गमबुटाच्या टोकाशी
चिंध्या कोंबलेल्या असतात.
मला माहीत आहे किती.

वक्ता पुण्याहून बोलतो.
मागे क्रशरमध्ये लादी जाते
आणि त्याची अर्धी वाक्यं चुरा होऊन पडतात.
मग पडद्यावर फुरसं येतं,
जांभ्याच्या रंगाचं, वेटोळ्याला वेटोळं घासणारं.
गुंडू वाकून बघतो.
"ह्यांच तां."

पुढची स्लाइड मराठीत.
त्याला वाचायला वेळ लागतो,
बर्फाचे आकडे वाचतो तसा, ओठ हलवत:
दोरी. बांधू. नये.

दोरी मी बांधली होती.
कलमांच्या बागेत, गवत काढताना चावलेलं.
मी नोकरीत नवी, हाताशी नर्सिंगची जुनी वही,
तिच्यात होतं तसंच, घोट्याच्या वर
सुतळीचे दोन पीळ, वर लाकडाचा तुकडा घालून आवळलेले.
देवगडहून गाडी यायला पावणेदोन तास.
पाय वांग्याच्या रंगाचा झाला,
तो सोडा म्हणाला, मी सोडली नाही.
जीव वाचवला तो बाटलीतल्या औषधानं.
माझ्या गाठीनं फक्त बोटं घेतली, तीन,
कोल्हापूरला.
त्याची आई नारळ आणि हिरवी साडी घेऊन आली,
बाईमुळे मुलगा राहिला म्हणाली,
आणि मी ती साडी नेसले,
दोन गणपतींना.

हे मला कळलं मागच्या खेपेला,
जेवणाआधीच्या एका व्याख्यानात.
सगळ्या मैत्रिणी ताटं घ्यायला उठल्या.
मी वहीवर तारीख घातली
आणि खाली काहीच लिहिलं नाही.
औषधाच्या पेटीवर मुदत छापलेली असते,
आपण दर महिन्याला ती तपासतो, जुनं बाजूला काढतो.
माझ्या हातांवर कुणी छापली नव्हती.

त्याला सांगायचं राहिलं.
वर्षभर राहिलं, मग चार वर्षं राहिलं.

क्रशर थांबतो.
"अजून किती होये?" तो विचारतो.
चार, मी म्हणते. आधी परीक्षा.
दहा प्रश्न, एकाला एक मिनिट.
सहावा:
खालीलपैकी कोणती कृती धोकादायक आहे?
माझा अंगठा पडद्यावर टांगलेला.
त्रेचाळीस सेकंद. एकोणचाळीस.
बाजूनं एक ओलं, थंड बोट येतं,
क वर टेकतं.
हिरवी खूण.

मी त्याच्याकडे बघत नाही.
तो बोट लुंगीला पुसतो,
सातवा प्रश्न वाचायला लागतो,
ओठ हलवत.

प्रमाणपत्र येतं. या वेळी नाव बरोबर.
"गुंडू," मी म्हणते.
"म्हायत आसा," तो म्हणतो,
आणि लगेच, बाहेर ओरडतो
कुणाच्या तरी होडीला,
किती लाद्या, किती.