दिवाणी व फौजदारी

पाटी रंगवणाऱ्याने 'दिवाणी' ऐसपैस लिहिलं,
'फौजदारी'ला जागा पुरली नाही,
शेवटची 'री' चौकटीवर चढलीय.
एकतीस वर्षं तशीच आहे, बोराबाजाराच्या मागे,
दुसऱ्या मजल्यावर. अशिलांना चालते.
सकाळी माझगावला न वटलेला चेक,
दुपारी दिंडोशीत जामीन,
मध्येच कधी डब्यातली गार भेंडी
दोन भावांच्या वाटणीच्या दाव्यावर सांडते
आणि तेलाचा डाग दोघांनाही सारखा येतो.

ज्युनिअर पोरं विचारतात,
मॅडम, उलटतपासणी कशी घ्यायची?
उत्तर ठाऊक नसेल तो प्रश्न विचारायचा नाही,
मी सांगते. हे सगळेच सांगतात.
कुबलांचं मात्र सांगत नाही.

दिगंबर कुबल, लिफ्टमन, वय एकेचाळीस,
सरकार पक्षाचा साक्षीदार क्रमांक तीन.
माझ्या आरोपीला त्याने रात्री पावणेदहाला
चौथ्या मजल्यावरून खाली आणलं होतं,
काखेत टॉवेलात गुंडाळलेली समई.
वरचा मोर बाहेर दिसत होता, म्हणाला.
मनगटावर घड्याळ?
नाही.
लिफ्टमध्ये दिवा?
झिरोचा.
डोळे कधी तपासलेत?
नाही.
मग मी न्यायाधीशांच्या डोक्यावर बोट दाखवलं.
किती वाजलेत, सांगा बघू.
त्याने मान वर केली, नीट पाहिलं,
घाई न करता म्हणाला,
तीन वाजून दहा मिनिटं.

पावणेबारा झाले होते.
घड्याळ गणपतीपासून बंद.
शिरस्तेदार हसले, पट्टेवाला हसला,
सरकारी वकिलांनी फाइलआड तोंड लपवलं.
कुबल भिंतीकडे पाहत राहिला,
जणू काटा आत्ता हलेल
आणि त्याच्या बाजूने बोलेल.

संशयाचा फायदा मिळाला.
समई सापडली नाही.

त्या रात्री भांडी विसळताना हात थांबला.
तीस फुटांवरून, चष्म्याविना,
तो दोन्ही काटे बिनचूक वाचून गेला होता.
नळ बंद केला.
यासाठी अर्ज कुठे करतात,
कुठल्या कलमाखाली?

परवा तो आला. बावीस वर्षांनी.
जिना चढून धापा टाकत, फरसाणाच्या पिशवीत
बापाच्या नावच्या भाडेपावत्या.
जिन्याखालची खोली, आठ बाय सात.
ट्रस्टने दावा लावलाय, लघुवाद न्यायालयात,
जिथे फक्त नावच लघु.
मी म्हटलं, कुबल, मला ओळखलंत ना?
"वळाखलंय म्हणान तर इलंय," तो म्हणाला.
पाणी प्यायला. पेला उपडा ठेवला.
"चुकला ता घड्याळ, बाई. मी नाय."

मी वकीलपत्र पुढे केलं.
त्याने सहीआधी सगळं वाचलं,
खालची बारीक अक्षरंसुद्धा,
आता चष्मा लावून, ओठ हलवत.
फी विचारली. मी आकडा सांगितला नाही,
पावत्या तारखेने लावत बसले.
एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरचा जून गायब होता,
जुलै दोनदा होता.

मग त्याला तयार करायला घेतलं.
समोर कुणी तरुण असेल, पांढरे बँड कडक,
तो फिरवून फिरवून विचारेल.
विचारलं तेवढंच बोलायचं.
आठवत नसेल तर आठवत नाही म्हणायचं.
आणि त्याने कुठे बोट दाखवलं,
भिंतीकडे, छताकडे, कुठेही,
तर वर बघायचं नाही. माझ्याकडे बघायचं.

कुबलाने चष्मा पुसून खिशात ठेवला,
थोडा वेळ पंख्याकडे पाहिलं.
"नि खरा दिसला तर?"