गोटीशिवाय

निफाडला पारा सहावर उतरला, त्या रात्री
द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवून बसले होते
आणि मी इथे सिडकोत, पहाटेच्या नळाखाली
बोटं बधिर होईस्तोवर बाटल्या भरत होते, खुशीत.
थंड पाणी गॅस धरून ठेवतं.
कोमट पाण्याला काही सांगा, गल्लीभर करून येतं.

सिलिंडर अंबडहून आणला. वेल्डिंगचा नव्हे,
पिण्यात चालणारा. दुकानदाराने दोनदा विचारलं,
ताई, नक्की कशाला?
रेग्युलेटर, हातभर नळी,
झाकणाला भोक पाडून त्यात गाडीच्या ट्यूबचा व्हॉल्व.
केदार म्हणाला, आई, घर उडवशील.
अरे, शीतपेयाची बाटली ही,
तीन बार तिला रोजचेच.

आधी बाटली आवळून हवा काढायची
पाणी तोंडाशी येईतो.
पहिला आठवडाभर मी हेच विसरत होते.
मग झाकण, मग गॅस. बाटली टणक होते.
हलवायची, ताक घुसळावं तशी,
की हाताखाली पुन्हा मऊ पडते:
पाण्याने गिळला.
पुन्हा द्यायचा. पुन्हा गिळतं.
गिळेनासं झालं की आपणही थांबायचं.

भद्रकालीत दादांची गाडी होती, गोटी सोड्याची.
अंगठ्याने गोटी आत ढकलली की बाटली किंचाळायची
आणि गिऱ्हाईक हसायचं, दर वेळी.
शास्त्र विचारलं तर दादा म्हणत,
पाणी रागावलं पाहिजे, बस.

गळ्याला किरणं दिली त्याला दीड वर्ष झालं.
तेव्हापासून जिभेला मीठ कळत नाही, गूळ कळत नाही.
आमटी म्हणजे ओला पुठ्ठा, म्हणतात,
आणि तरी वाटी संपवतात, माझ्याकडे बघत.

मी कुठेतरी वाचलं:
सोडा झोंबतो तो बुडबुड्यांमुळे नव्हे.
गॅस पाण्यात विरून थोडं आम्ल होतं,
ते जिभेच्या दुखऱ्या नसांना जाऊन भिडतं.
चवीची वाट वेगळी, झोंबण्याची वेगळी.
दुसरी शाबूत असेल, या भरवशावर
आठ हजार घातले. दादांना तीन सांगितलेत.

पेला दिला. लिंबू नाही, मीठ नाही.
एक घोट. डोळे मिटले, नाक आक्रसलं,
पापणीशी पाणी आलं, ते त्यांनी बाहीने पुसलं.
मी श्वास धरून उभी.

दाब कमी आहे, म्हणाले.
असा विकलास तर गिऱ्हाईक परत यायचं नाही.

आणि पेला पुढे केला.