परदेशातून जमा

फोंड्याच्या शाखेत प्रियोळकर बाई
चष्मा वर सारून विचारतात,
हे पैसे कसले?
पुस्तकाचे.
प्रकाशक कोण?
मीच.
त्यांच्या यादीत असला रकानाच नाही.
‘कुटुंबाचा खर्च’ लिहिते, म्हणाल्या, सोपं पडेल.

लिस्बनला, रात्रपाळी संपल्यावर,
हॉटेलच्या साबणाचा वास असलेल्या बोटांनी
आईच्या काजूबागेवर लिहिलेली शहाऐंशी पानं.
तीन महिन्यांत सहा प्रती.
तीस टक्के तिकडेच कापले,
मधल्या बँकेनं चालता चालता हात मारला,
उरले दोनशे चौदा रुपये.

सहांतली एक प्रत ब्राझीलची.
तिथं मराठी वाचणारं कोण?
रात्रपाळीवरचंच कुणी?

सावई वेऱ्याला पोचलो तेव्हा आई
बोंडवांच्या राशीपाशी बसून
बिया पिळवटून काढत होती.
ब्राझीलचं सांगितलं.
‘काजू तिथूनच आला ना रे आपल्याकडे?’
आणि पुढची बी.

मग हात पदराला पुसून
तिनं पासबुक मागून घेतलं.
दोनशे चौदाच्या शेजारी
तिचा ओला अंगठा उमटला.
पुसू नकोस, म्हणाली,
बोंडवाचा डाग आहे,
जायचा नाही.