भरतीची वेळ

यादी एक्स-रेच्या पाकिटावर आहे,
कारण त्या दिवशी जवळ दुसरा कागद नव्हता.
एम.वाय.च्या चौथ्या मजल्यावर एकोणीस दिवस
खाटेसमोरच्या भिंतीत ओल उतरत होती.
तिच्याकडे बघत तुम्ही म्हणालात,
शरयू, हा किनारा आहे बघ.
ही खाडी. ही सुरूची झाडं.
आणि हा पोपडा उडालाय ना,
इथे आपला तंबू.

मी कपाळाला हात लावून पाहिला.
ताप नव्हता.

तंबू : अच्युतच्या जावयाचा, एक चेन नादुरुस्त.
स्टोव्ह : सियागंजातून, घासाघीस करून.
टॉर्च दोन, सेल वेगळे ठेवणे.
शेव एक किलो. खोडून अर्धा. खोडून पाव.
मग माझ्या अक्षरात : डॉक्टरांना विचारणे.
पोहे तिकडेही मिळतील,
जीरावन मिळणार नाही. पुडी घेणे.

आंजर्ल्याहून तुमच्या बिवलकरचा फोन आला.
अमावास्या टाळा, म्हणाला,
भरतीची वेळ बघून तंबू ठोका,
आणि ती वेळ रोज पाऊण तासाने पुढे सरकते.
रोज उशीर? तुम्ही म्हणालात,
आमच्या बँकेत चाललं नसतं.

जिन्यात मी दुबेजींना सांगितलं,
भरतीचं तेवढं सांभाळायचं आहे.
त्यांच्या हातातली दुधाची पिशवी हिंदकळली.
"फिर भरती? अरे, अब क्या हुआ मुळे साब को?"
आमच्या गावात भरती एकाच जागी होते,
आणि तिथे ओहोटीला डिस्चार्ज म्हणतात.

इंदूरला समुद्र नाही म्हणतात लोक.
पण नळाला येतं ते नर्मदेचं पाणी,
जलूदला पंप लावून घाट चढवून आणलेलं,
एक दिवसाआड, पहाटे.
ते खरं तर निघालं होतं भडोचकडे,
खाऱ्या पाण्याला भेटायला.
वाटेत आपण त्याला वर बोलावून घेतलं
भांडी घासायला.

शनिवारी गच्चीवर रंगीत तालीम.
स्लॅबमध्ये खुंटी जाईना.
समोरच्या बांधकामावरून वाळू मागून आणली,
सिमेंटच्या रिकाम्या गोण्या भरल्या चार.
एक दोरी टाकीला, एक डिशच्या खांबाला,
उरलेल्या दोन त्या गोण्यांना.
सुदामानगरच्या तीन गच्च्यांवरून
मुलं बघत उभी.
तुम्ही त्यांना भाषणच दिलंत, वारा, वाळू, दिशा,
जसे काही जन्मभर कोळीच होतात.

आत शिरलात झोकात.
पाणी प्यायला बाहेर यायचं तर
जमिनीवरून उठता येईना.
माझा खांदा धरलात, आणि गप्प झालात.
टाके घातलेली जागा तुम्ही शर्टावरून चाचपलीत.
हे यादीत नव्हतं.
मी खाली जाऊन पाकिटावर लिहिलं :
खुर्ची, घडीची, एक.
थोड्या वेळाने एकाचे दोन केले.
मी काय किनाऱ्यावर उभी राहू?

तिकीट वेटिंगवर आहे, सतरा-अठरा.
डॉक्टर म्हणाले, बघू.
डॉक्टरांचं बघू आणि रेल्वेचं वेटिंग
यांत कुठलं आधी पक्कं होईल, सांगता येत नाही.

पहाटे जाग आली ती आवाजाने.
टाकी भरून वाहत होती.
काळोखात पाणी स्लॅबवरून सरकत सरकत
तंबूच्या तोंडाशी आलं,
नादुरुस्त चेनीच्या फटीतून आत,
तुमच्या टाचांपर्यंत.
मोटर बंद करायला उठायला हवं होतं.
पाणी वाया जातंय, हे मला कळत होतं,
मी शहाणी बाई आहे.
तुम्ही पाय ओढून घेतले नाहीत.
ओहोटी किती वाजता गं? विचारलंत.
मी म्हटलं, पाऊण तास थांबा.

"मुळे साब! टंकी!" खालून दुबेजी ओरडले.
मग मी उठले, टॉर्च शोधली, बटण दाबलं.
अंधार तसाच.
सेल वेगळे ठेवले होते.