टोपी

वरुडच्या स्टँडसमोर माझं घड्याळाचं दुकान होतं,
सव्वाचार फूट रुंद.
मोबाइल आले, दुकान गेलं.
घरी आणलं एवढंच: डोळ्याला लावायचं भिंग, तीन चिमटे
आणि स्क्रूंची पत्र्याची डबी.

आता गावात, घरामागं हिरव्या जाळीखाली
पंचफुलाचे ट्रे.
एका ट्रेला अठ्ठ्याण्णव खण.
मोजले तिनंच. मी मोजलेलं ती धरत नाही.

पौषातली कोरडी थंडी.
भेदरं नवव्या दिवशी वर आलं, मान वाकवून,
आणि कितीतरी रोपांच्या डोक्यावर बीचं टरफल तसंच.
"टोप्या घालून आले बाप्पा," ती म्हणाली,
"जसे काही सरपंचच."

मी भिंग लावलं.
टरफलाला बारीक लव असते, राखी रंगाची,
घोंगडीच्या काठासारखी.
आत दोन पानं, टोकं अडकलेली,
देठाकडं मधे फट, तिच्यातून पलीकडचं दिसत होतं.

पहिलं मी ओढलं.
केसाएवढ्या स्प्रिंगा उचलणारा हात माझा,
मला वाटलं, यात काय मोठं.
टरफल निघालं.
त्याच्यासोबत दोन्ही पानं निघाली, चिमट्याच्या टोकाला आली,
खाली उरली काडी.
हिरवी, सरळ.

घड्याळ बिघडवलं तर झाकण लावून ठेवता येतं.
गिऱ्हाइकाला सांगायचं, सोमवारी या.

"काहून ओढलं?"
मी गप्प.
"कोरडं ओढत असते काय कोणी? भिजू तर द्या."
तिनं बोट जिभेला लावलं
आणि एकेका टोपीला टेकवत गेली, ओळीनं,
कुंकू लावावं तशी.
मला कसंतरी झालं. शेजारी फवारा होता, पाणी होतं.
"पाणी घरंगळते. थुका चिकटून राह्यते," ती म्हणाली.
"धनराजचे डोये चिकटले होते पाचव्या दिवशी,
पापण्या उघडत नोहत्या,
तवा काय केलं होतं मीनं?"

मला आठवेना.
दुकानात असेन.

मग ट्रेवर चार काड्या रोवून ओला पंचा टाकला तिनं
आणि भाकरी टाकायला गेली.
मी बसून राहिलो.
अर्धा तास कसा जातो हे मला माहीत होतं,
पण काट्याशिवाय तो फार हळू गेला.

चिमट्यानं धरायचं नाही, हे त्या दिवशी कळलं.
मिटलेलं टोक पानांमधल्या फटीत सरकवायचं,
आणि चिमट्याला त्याच्या मनानं उघडू द्यायचं.
टरफल आपोआप उकलतं.
एकाचं अर्धं पान फाटलं. दुसऱ्याचं सुटलं.
तिसऱ्याचं सुटलं तेव्हा दोन पानं अशी बाजूला झाली
की मी भिंग काढून घेतलं,
उगाच कुणाच्या घरात डोकावल्यासारखं वाटलं.

कोपऱ्यातल्या एकाला तिनं हात लावू दिला नाही.
"तो सोताच काढन."
दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची टोपी
एका पानाच्या टोकाला लोंबत होती.
दुपारी बघितलं तर खाली, नारळाच्या भुश्यात.
मी उचलून स्क्रूंच्या डबीत टाकली.
का, ते विचारू नका.

काडी आठ दिवस उभी होती.
मी तिला पाणी घालायचो, पंचफुला चुलीपाशी असताना.
एकदा ती मागून म्हणाली, "घाला, घाला,"
आणि बादली घेऊन पुढं गेली.

बाजाराच्या दिवशी एका बाईनं पूर्ण ट्रे घेतला.
"अठ्ठ्याण्णव हायेत ना?"
मी हो म्हणणार, तेवढ्यात पंचफुला म्हणाली,
"सत्त्याण्णव,"
आणि एका रोपाचे पैसे सोडले.

रात्री धनराजला फोन लावला.
त्याचे डोळे किती दिवस चिकटलेले होते, विचारायचं होतं.
त्याला कसं ठाऊक असणार.
"थंडी आहे का तिकडं?" त्यानं विचारलं.
मी म्हटलं, आहे. कोरडी आहे.